न गळणारे केस जातात कुठे?

‘आमचा गोंड्या दहा महिन्यांचा लॅब्राडूडल आहे,’ असं एका ताईंनी लिहिलंय. ‘घेताना सांगितलं होतं की याचे केस गळत नाहीत, त्याची कुणाला ॲलर्जी होत नाही, लॅब्राडोरसारखा प्रेमळ आणि पूडलसारखा हुशार असतो, शिवाय संकर असल्यामुळे आजारी पडत नाही. गेल्या आठवड्यात केस कापायला ग्रूमरकडे नेला तर त्यांनी सरळ मशीन फिरवून पार टक्कल केलं. मी रोज ब्रश करत होते हो! रडूच आलं. सहा वर्षांच्या मुलाच्या मागे लागून त्याच्या बाह्या ओढतो, चावा घेतल्यासारखं करतो. सकाळी आम्ही सगळे बाहेर पडतो, मुलं परत येईपर्यंत सहा तास एकटा असतो, तेव्हा ओरडून शेजाऱ्यांना हैराण करतो आणि दाराची चौकट कुरतडून ठेवलीय. मिस्टरांना सकाळी शिंका सुरू झाल्यात. सासूबाई म्हणतात, कुणाला तरी देऊन टाका. आमचं नक्की काय चुकलं? आणि केस परत येतील ना? मुलगी विचारते, त्याला सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणला तर?’

ताई, आधी केसांचं सांगते, कारण रडू त्यावरून आलंय. केस येतील. काही महिन्यांत गोंड्या पुन्हा गोंड्यासारखा दिसेल. पोत किंवा रंग थोडा बदललेला वाटला तर दचकू नका, या वयात तो तसाही बदलतच असतो. तोवर कडक उन्हात जपा, उघड्या कातडीला ऊन बाधतं. ग्रूमरवर मात्र राग धरू नका. कातडीपर्यंत गेलेला गुंता विंचरून सोडवणं म्हणजे जनावराला तासन्‌तास ओढत बसणं. चांगला ग्रूमर ते करत नाही, तो मशीन लावतो.

आता ‘केस गळत नाहीत’ या वाक्याचा खरा अर्थ. केस प्रत्येक कुत्र्याचे मरतात आणि नवे येतात. लॅब्राडोरचा केस आखूड असतो, वाढ थांबली की सुटतो आणि तुमच्या सोफ्यावर येऊन पडतो. पूडलचा केस खूप जास्त काळ वाढत राहतो, आणि सुटला तरी कुरळ्या केसांच्या जाळ्यात अडकून अंगावरच राहतो. म्हणजे जो कचरा तुम्ही फरशीवरून झाडला असता तो कुत्र्याच्या अंगावर साठतो, आणि तिथून तो काढायचं काम तुमच्याकडे येतं. विकताना हे अर्धंच सांगितलं जातं, आणि मला त्याचा फार राग येतो.

त्यात गोंड्याचं वय. साधारण आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाची मऊ लव जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात. जुने सुटताहेत, नवे उगवताहेत, आणि दोन्ही एकमेकांत अडकताहेत. कालपर्यंत आठवड्यातून दोनदा ब्रश करून भागत होतं त्या कुत्र्याचा या महिन्यांत चार दिवसांत गुंता होतो. बहुतेक डूडल, म्हणजे असे पूडलचे संकर, पहिल्यांदा टकले होतात ते याच काळात.

तुम्ही रोज ब्रश करत होता हे मी अगदी खरं मानते. पण तो बहुधा वरवर फिरत होता. वरचे दोन बोटं केस मोकळे, फुललेले, फोटोला छान. आणि खाली कातडीलगत नमदा, म्हणजे केसांचा घट्ट दाबलेला थर, तयार होत होता. लोकर ओली करून चोळली की तिचा नमदा होतो ना, अगदी तसाच. म्हणूनच गुंता असताना आंघोळ घालणं ही सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट आहे. पाणी लागलं की तो आणखी आवळतो. आधी पूर्ण विंचरायचं, मग आंघोळ, मग कातडीपर्यंत वाळवायचं आणि वाळवतानाही विंचरायचं.

हत्यारं दोनच लागतात. एक स्लिकर ब्रश, बारीक वाकड्या तारांचा. दुसरी धातूची फणी, एका बाजूला दात विरळ, दुसऱ्या बाजूला दाट. एका हाताने केस वर धरून भांग पाडा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालचे केस थोडे थोडे सोडत ब्रश करा, मग बोटभर वर सरका, नवी रेघ. पायापासून सुरुवात करून पाठीकडे. शेवटी फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेली तर झालं, अडकली तर झालेलं नाही. परीक्षा फणीची, ब्रशची नव्हे. कानांच्या मागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्टा किंवा हार्नेस घासतो तिथे आधी बघा, गुंते तिथेच जन्म घेतात. घरात असताना हार्नेस काढून ठेवलात तरी बरंच काम वाचेल. आणि कात्री कृपा करून लावू नका. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते, ती दिसत नाही, आणि कात्री तिच्यावरच चालते.

आज त्याच्या अंगावर केस नाहीत ही खरं तर संधी आहे. ओढ नाही, वेदना नाही. रोज पाच मिनिटं त्याला एका ठरावीक जागी उभा करा, ब्रश अंगावरून फिरवा, खाऊ द्या, पंजे हातात घ्या, खाऊ द्या, कान उचलून बघा, खाऊ द्या. केस वाढेपर्यंत त्याला हे अंगवळणी पडेल. पुढे रोज दहा-पंधरा मिनिटं आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमर, असा हिशेब धरून चाला. एवढं जमणार नसेल तर कायम आखूड, दोन-तीन सेंटिमीटरचा कट ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. टेडी बेअरसारखा जो डूडल फोटोत दिसतो त्याच्यामागे कुणाचे तरी रोजचे हात असतात, आणि ते हात फोटोत नसतात.

तुमच्या ओळखीत कुणाचा लॅब्राडूडल भरपूर केस गाळत असेल, तर तोही खोटा नाही. कुत्र्यांच्या केसांतला बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांवर उभा आहे, हे 2009 साली संशोधकांनी दाखवलं. एक लांबी ठरवतं, एक कुरळेपणा, आणि एक मिशा-दाढी-भुवयांची झालर. पिल्लाला आई-बापांकडून यातलं काय मिळेल हा प्रत्येक वेळचा वेगळा डाव. एकाच वेतातली दोन भावंडं, एक कुरळं, एक सरळ केसांचं, असं सर्रास होतं. पिल्लू दोन महिन्यांचं असताना तर छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही.

हीच गोष्ट ॲलर्जीची, आणि इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण लॅब्राडूडल हा कुत्रा गाजला तोच या एका आशेवर. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन हे गृहस्थ प्रजननाचं काम पाहत. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी आधी पूडलच मार्गदर्शक म्हणून तयार होतो का ते पाहिलं, बरेच पूडल पाहूनही जमलं नाही. मग 1989 मध्ये लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, आणि त्या नवऱ्याला चाललं ते तिघांपैकी एकच, सुलतान नावाचं. पुढच्या वेतात दहा पिल्लं होती, त्यांतही तीनच तशी निघाली. म्हणजे ज्या माणसाने हा कुत्रा जगासमोर आणला त्याच्याच हातात बहुसंख्य पिल्लं ॲलर्जीच्या कसोटीला उतरली नव्हती. नंतरच्या आयुष्यात कॉनरन यांनी या सगळ्या लाटेबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांच्या मागोमाग कुणीही कुठलेही कुत्रे, ना तपासणी ना काही, एकत्र आणून त्यांची पिल्लं विकू लागलं, हे त्यांचं दुखणं होतं.

ॲलर्जी मुळात केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्रास त्यांचा. केस हे फक्त वाहन. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2012 मध्ये लॅब्राडूडल, पूडल अशा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांची इतरांशी तुलना केली. या कुत्र्यांच्या केसांत मुख्य ॲलर्जी-प्रथिन उलट जास्तच सापडलं. लॅब्राडूडल असलेल्या घरांत फरशीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेत फरक नव्हता. शिंका हवेतूनच येतात.

म्हणून मिस्टरांना आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवा. शिंका गोंड्याच्याच आहेत की गादीतल्या धुळीच्या किड्यांच्या, हे तपासणीशिवाय कळणार नाही, आणि बिचाऱ्या कुत्र्यावर आळ येऊन बसेल. तोपर्यंत झोपायची खोली गोंड्याला बंद, अगदी दिवसासुद्धा. त्याचं अंथरूण दर आठवड्याला धुवा. विंचरायचं काम मिस्टरांनी करायचं नाही, आणि शक्यतो घराबाहेर करा. आंघोळीने अंगावरची प्रथिनं कमी होतात खरी, पण काही दिवसांतच पूर्वपदावर येतात, तेव्हा केवळ तिच्यावर भिस्त नको. छातीतून शिट्टीसारखा आवाज किंवा धाप लागत असेल तर मात्र हा सल्ला बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता बाह्या ओढणं. ‘लॅबसारखा प्रेमळ, पूडलसारखा हुशार’ असं म्हणताना लोक विसरतात की या दोन्ही जाती कामाच्या आहेत, आणि दोघांचं काम जवळपास एकच होतं: शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यात उडी मारून, तोंडात धरून, न चिरडता आणून देणं. पूडल केवळ नटवलेला कुत्रा म्हणून आपण बघतो, पण त्याचे केस कापायची ती चमत्कारिक पद्धतही पाण्यातल्या कामासाठीच सुरू झाली. असे दोन पूर्वज ज्याच्या रक्तात आहेत तो तोंड वापरणारच. त्यात समोरून सहा वर्षांचा मुलगा किंचाळत पळतो, हात हलवतो, बाही फडफडते. गोंड्याच्या दृष्टीने हा घरातला सर्वांत उत्तम खेळ आहे. पत्रात रक्त निघाल्याचं, गुरगुरून अंगावर आल्याचं काही नाही, म्हणून मी याला खेळ म्हणते. तसं काही घडत असेल तर एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला घरी बोलवा, पत्रातून हे सुटणार नाही.

मुलाला शिकवा: गोंड्या आला की झाड व्हायचं. पाय रोवून उभं राहायचं, हात छातीशी, नजर जमिनीकडे, आवाज बंद. झाडाशी खेळायला मजा येत नाही, तो सोडून जातो. पण एवढं पुरणार नाही, त्या तोंडाला काहीतरी काम द्यावं लागेल. दाराशी, सोफ्याजवळ, जिथे जिथे हे घडतं तिथे एकेक खेळणं ठेवा आणि तो उत्साहात येताना दिसला की बाहीच्या आधी खेळणं तोंडात. मग ‘दे’ म्हणून खाऊच्या बदल्यात ते परत घ्यायला शिकवा. हा धडा मुलीला द्या, मुलांना तो छान जमतो. हातातून हिसकावणं, तोंड दाबून धरणं, चापट, यातलं काहीही नको. आणि मुलगा व गोंड्या दोघेच खोलीत, असं होऊ देऊ नका, कुत्रा कितीही गरीब स्वभावाचा असला तरी. तो जेवतोय किंवा झोपलाय तेव्हा मुलांनी हात लावायचा नाही. कधी गुरगुरला तर त्याला रागावू नका, मुलाला बाजूला घ्या. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील.

पळवून पळवून दमवलं की शांत होईल, हे तुम्हाला खूप जण सांगतील. तासभर चेंडू फेकला तर तासभर चेंडूमागे धावू शकणारा कुत्रा तयार होतो, शांत कुत्रा नाही. फिरणं हवंच, दिवसाला मिळून तासाभराच्या आसपास, त्यात मनसोक्त हुंगायला वेळ. पण या कुत्र्याचं डोकं रिकामं ठेवू नका. त्याच्या जेवणाचे दाणे एका खोलीत लपवून शोधायला लावा. वस्तूंची नावं शिकवा. दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं काहीतरी नवं. दहा मिनिटं नाकाने शोधाशोध केल्यावर तो जसा गाढ झोपतो तसा चेंडूने नाही झोपत. झोपही बघा: या वयाच्या कुत्र्याला दिवसातले बरेच तास झोप लागते, आणि संध्याकाळी जो वेड्यासारखा घरभर धावतो तो पुष्कळदा पेंगुळलेला असतो, उतू चाललेला नसतो.

सहा तासांचं एकटेपण हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत काळजीचा मुद्दा वाटतो. ज्या ओढीमुळे तो तुमच्या मागे बाथरूमपर्यंत येतो त्याच ओढीमुळे बंद दार त्याला सोसत नाही. हे कंटाळ्यातून होतंय की घाबरल्यामुळे, ते आधी पाहा. जुना फोन लावून त्याचं चित्रण करा. कंटाळलेला कुत्रा आधी झोप काढतो, खाऊ संपवतो, मग उद्योग सुरू करतो. घाबरलेला तुम्ही गेल्यागेल्याच येरझारा घालतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, दारालाच नखं मारतो आणि समोर ठेवलेल्या खाऊला तोंड लावत नाही. चौकट कुरतडलीय म्हणजे मला दुसरी शंका जास्त येते.

तसं असेल तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका, भीतीची सवय होत नाही, ती वाढते. जितका वेळ तो शांत राहू शकतो तिथून सुरुवात करायची. तो अर्धा मिनिट असेल तर अर्धा मिनिट. चपला घाला, दाराबाहेर जा, तो घाबरण्याआधी परत या. हळूहळू वाढवा, मध्येच कमीही करा. यात आठवडे जातात, कधी महिने. तोवर त्याला सहा तास एकटं ठेवायचं नाही, हा यातला कठीण भाग. सासूबाईंची मदत होईल का? शेजारी कुणी, कुत्रा फिरवायला येणारं कुणी, तुमच्या दोघांच्या वेळा पुढेमागे करणं, काहीतरी जुळवावं लागेल. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्यकाशी बोला, यावर औषधं आहेत आणि ती घेण्यात लाज नाही.

परत आल्यावर कुरतडलेलं दिसलं तरी ओरडू नका. कान पाडून, नजर चुकवून बसतो म्हणजे त्याला चूक कळलीय, असं आपल्याला वाटतं. 2009 च्या एका प्रयोगात दिसलं की तो चेहरा कुत्रा मालकाच्या रागावण्याला उत्तर म्हणून करतो, त्याने खरोखर काही केलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो.

‘संकर म्हणून निरोगी’ हेही सरसकट खरं नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2024 मध्ये लॅब्राडूडलसह तीन लोकप्रिय पूडल-संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, आणि जवळपास 87 टक्के तुलनांत आजारांच्या शक्यतेत फरकच आढळला नाही. म्हणजे कमकुवतही नाहीत आणि वज्रदेहीही नाहीत. गोंड्याच्या आई-बापांच्या खुब्यांचे, कोपरांचे आणि डोळ्यांचे तपासणी अहवाल ब्रीडरकडे असतील तर मागून घ्या. चालताना लंगडला, सशासारखे मागचे दोन्ही पाय एकत्र टाकू लागला, तर दाखवा. कान लोंबते आणि आतून केसाळ, त्यामुळे हवा खेळत नाही, संसर्ग लवकर होतो. आठवड्यातून एकदा वास घ्या, पाण्यात खेळल्यावर पुसा, कापसाची काडी आत घालू नका. खादाडपणा लॅब्राडोरकडून आलेला असू शकतो: साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्याची भूक भागतच नाही, हे 2016 मध्ये समोर आलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघून जेवण ठरवू नका, फासळ्या हाताला लागतात का ते बघून ठरवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही त्याच्या तोंडी लागू देऊ नका. पोट अचानक फुगलं आणि ओकाऱ्या येऊनही काही बाहेर पडत नसेल, तर रात्र असो वा दिवस, तसेच निघा, एक तासही थांबू नका. मोठ्या पूडलच्या वंशात हा धोका असतो.

द्यायचा की ठेवायचा? मी दोन्ही घरं पाहिली आहेत: ज्यांनी हट्टाने ठेवला आणि सगळेच त्रासले, आणि ज्यांनी विचार करून योग्य माणसाकडे दिला आणि कुत्रा फुलला. दुसऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. पण तुम्ही पत्रात लिहिलेलं काहीच मला ‘जमण्यासारखं नाही’ या रकान्यातलं दिसत नाही. मिस्टरांच्या तपासणीचा निकाल आणि दुपारच्या तासांची सोय, या दोन गोष्टी ठरू द्या, मग बोला. केस आणि बाह्या यांवरून देऊ नका, ते दोन्ही तुमच्या हातातलं आहे.

मुलीला सांगा, दुसरा कुत्रा आत्ता नको. एकटेपणाने घाबरणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना माणसं हवी असतात, त्यामुळे दुसऱ्या कुत्र्याची सोबत बऱ्याचदा उपयोगाची ठरत नाही. कधीकधी नवा कुत्रा जुन्याकडून ओरडणंच शिकतो आणि शेजाऱ्यांची तक्रार दुप्पट होते. शिवाय विंचरायला चार काखा होतील. गोंड्या दोन वर्षांचा झाला, चार तास निवांत एकटा झोपू लागला आणि तिला फणीची परीक्षा स्वतःच्या हाताने पास करता आली, की मग तिने मला पुन्हा लिहावं.